प्रथिने तेवढीच, वाढ मात्र घटली: सोयाबीन पेंड काढून डीडीजीएसवर ठेवलेल्या बारा कालवडी

डीडीजीएसच्या पोत्यावर क्रूड प्रोटीन २८ टक्के लिहिलेले आहे, भाव सोयाबीन पेंडीच्या निम्मा आहे, मग पेंड कशाला घ्यायची? मक्यापासून इथेनॉल बनवणारे कारखाने वाढले आणि डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरलेला सुकवलेला चोथा, मुबलक झाला, तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक गोठ्यात विचारला जातो. दुभत्या गाईंच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. वाढीच्या जनावरांच्या बाबतीत मात्र हमखास चूक होते. कालवडीला दूध नाही, त्यामुळे संध्याकाळच्या बादलीत फरक दिसत नाही. चूक कळायला तीन महिने जातात.

पुढचे प्रकरण कुणा एकाच्या गोठ्याचे नाही. वारंवार दिसणारी मांडणी घेऊन ती हिशेबासाठी बांधली आहे, म्हणजे आकडे तपासता येतील आणि आपल्या गोठ्याचे आकडे त्यांच्या जागी टाकता येतील.

परिस्थिती

संकरित होल्स्टीनच्या १२ कालवडी. वय सात ते नऊ महिने, सरासरी वजन १८० किलो. मोठेपणी त्या साधारण ४५० किलोच्या होतील. २७० किलोला पहिले रेतन करायचे, त्यासाठी रोज ६०० ग्रॅम वाढ हवी. खुराकात दर कालवडीला १० किलो मुरघास, १ किलो कडबा कुट्टी, ६०० ग्रॅम मका भरडा आणि ६०० ग्रॅम सोयाबीन पेंड होती. खर्च वाचवण्यासाठी पेंड पूर्ण बंद केली आणि १ किलो मक्याचा डीडीजीएस सुरू केला. डीडीजीएसमध्ये ऊर्जाही असते, म्हणून मका ३०० ग्रॅमवर आणला. ६०० ग्रॅम पेंडीत २७६ ग्रॅम प्रथिने होती, १ किलो डीडीजीएसमध्ये २८० ग्रॅम. कागदावर काहीच बिघडले नव्हते.

दोन महिन्यांनी कालवडी अंगाने भरलेल्या दिसत होत्या. केस चकचकीत, शेण चांगले, गव्हाण रिकामी होत होती. पण उंची अडली होती. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना आणि छातीच्या खाली चरबी चढत होती, खांद्याची उंची मात्र जवळपास तेवढीच होती. हे लक्षण महत्त्वाचे. चारा अपुरा पडला तर जनावर रोडावते. ऊर्जा पुरते पण हाडामांसासाठी प्रथिने पुरत नाहीत, तेव्हा उरलेली ऊर्जा चरबीत जाते आणि जनावर बुटके, गोल होते. जंत झाले असते तर ते असे गुबगुबीत दिसले नसते. तरीही पहिला संशय जंतांवरच जातो, औषध पाजले जाते आणि आणखी तीन आठवडे वाया जातात. शेणाचा नमुना तपासूनच जंतनाशक द्यावे.

मोजमापाचीही एक अडचण आहे. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर आणि अंगाची लांबी इंचात मोजतात. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, हे झाले किलोतले वजन. घेर ५२ आणि लांबी ४४ इंच असेल तर वजन १८० किलो येते. पण घेर एका इंचाने चुकला तरी उत्तर सात किलोने हलते, आणि पंधरा दिवसांची अपेक्षित वाढच नऊ किलो आहे. म्हणून पंधरवड्याच्या एकेका मापावरून काही ठरवू नये. सगळ्या कालवडी एकाच माणसाने, सकाळी खुराकाआधी, जमीन सपाट असेल तिथे मोजाव्यात आणि बाराजणींच्या सरासरीची महिन्याच्या अंतराने तुलना करावी. सोबत खांद्याची उंची लिहावी. या प्रकरणात खरी बातमी उंचीनेच दिली.

क्रूड प्रोटीन नेमके काय सांगते

योहान केल्डाल यांनी १८८३ साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजण्याची पद्धत बसवली. आजही खाद्यातला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि त्याला क्रूड प्रोटीन म्हणतात. तो नायट्रोजन कुठल्या अमिनो आम्लातला (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांपैकी कुठल्यातला) आहे, ते आम्ल आतड्यात शोषले जाईल की करपून बसले आहे, हे या आकड्याला कळत नाही. युरियाचेही क्रूड प्रोटीन निघते, २८७ टक्के. पशुखाद्याच्या आयएस २०५२ या भारतीय मानकात प्रकार १ ला किमान २२ आणि प्रकार २ ला किमान २० टक्के क्रूड प्रोटीन लागते. पोत्यावरचा आकडा त्या हिशेबाचा आहे. वाढीला अत्यावश्यक असलेले लायसिन हे अमिनो आम्ल किती, हे पोत्यावर शोधू नये.

रवंथ करणाऱ्या जनावराला अमिनो आम्ले दोन वाटांनी मिळतात. कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव चाऱ्यातल्या प्रथिनांचा बराच भाग मोडून अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःची प्रथिने बांधतात. ते पुढे वाहून जाऊन पचतात. ही पहिली वाट. जी प्रथिने कोठीपोटात न मोडता थेट पुढे जातात ती दुसरी, तिलाच आपण बायपास म्हणतो. सूक्ष्मजीवांच्या प्रथिनांत सुमारे ७.९ टक्के लायसिन असते. वासराच्या अंगावर चढणाऱ्या प्रथिनांत ते ६.४ टक्के धरतात. म्हणजे सूक्ष्मजीव गरजेपेक्षा सरस माल पुरवतात. बायपासमधून येणारी प्रथिने मात्र मूळ खाद्याच्याच दर्जाची राहतात: सोयाबीन पेंडीत प्रथिनांच्या ६.३ टक्के लायसिन, मक्यात जेमतेम २.८.

सोयाबीन पेंडीची सुमारे ३० टक्केच प्रथिने बायपास होतात, डीडीजीएसची ६० टक्के. दुकानदार हाच मुद्दा पुढे करतो आणि तो खोटाही नाही. फक्त बायपास होऊन जे आतड्यात पोहोचते ते मक्याचे प्रथिन असते. सोयाबीनचे जे प्रथिन कोठीपोटात मोडते त्यातून सूक्ष्मजीव घडतात, आणि त्यांच्यात लायसिन भरपूर असते. त्यामुळे कोठीपोटात मोडणे म्हणजे नासाडी, ही समजूत मक्याच्या खुराकाला लावू नये.

हिशेब

गरजेचा आकडा मांसाच्या जनावरांवरच्या कामातून येतो. वाढत्या जनावराच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात नळीने एकेक अमिनो आम्ल सोडून कशाने वाढ सुधारते हे पाहणारे प्रयोग गोऱ्ह्यांवर झाले. रिचर्डसन आणि हॅटफील्ड यांच्या १९७८ च्या प्रयोगात जनावरांना जवळजवळ फक्त सूक्ष्मजीवांची प्रथिने मिळत होती. तिथे आधी मेथिओनिन कमी पडले, मग लायसिन, मग थ्रिओनिन. खुराक मक्याकडे झुकला की क्रम बदलतो आणि लायसिन पुढे येते, कारण मक्यात मेथिओनिन बरे असते. अमेरिकेतल्या १९९६ आणि २०१६ च्या मांस-जनावरांच्या पोषण मानकांनी गरज शोषल्या जाणाऱ्या प्रथिनांत मांडली. कालवडीचे मांस आणि हाड गोऱ्ह्यासारखेच बांधले जाते, म्हणून ती मांडणी इथे चालते.

१८० किलोच्या कालवडीला अंग सांभाळायला रोज सुमारे १८१ ग्रॅम शोषली जाणारी प्रथिने लागतात. ६०० ग्रॅम वाढीत अंगावर सुमारे १०९ ग्रॅम प्रथिने चढतात. या वजनाला त्यांचा वापर ६१-६२ टक्के कार्यक्षमतेने होतो, म्हणजे आणखी १७७ ग्रॅम हवीत. एकूण ३५८ ग्रॅम. त्याच्या ६.४ टक्के लायसिन धरले तर २२.९ ग्रॅम.

पुरवठ्यासाठी सूक्ष्मजीवांची प्रथिने खुराकातल्या एकूण पचनीय घटकांच्या १० टक्के धरली आहेत. चाऱ्यावर आधारलेल्या खुराकाला १३ टक्क्यांचा जुना आकडा फार उदार पडतो. त्यातली ६४ टक्के आतड्यातून शोषली जातात. डीडीजीएसच्या तेलाची ऊर्जा सूक्ष्मजीवांना वापरता येत नाही, म्हणून ती वजा केली आहे.

| दर कालवडीला रोज | जुना | बदललेला | दुरुस्त |
|---|---|---|---|
| मुरघास, किलो | १० | १० | १० |
| कडबा कुट्टी, किलो | १ | १ | १ |
| मका भरडा, किलो | ०.६ | ०.३ | ०.५ |
| सोयाबीन पेंड, किलो | ०.६ | ० | ०.४ |
| डीडीजीएस, किलो | ० | १ | ०.४ |
| क्रूड प्रोटीन, ग्रॅम | ५८४ | ५६४ | ५९६ |
| शोषली जाणारी प्रथिने, ग्रॅम | ३४९ | ३७७ | ३६९ |
| त्यातले लायसिन, ग्रॅम | २२.४ | १९.३ | २१.८ |
| भागणारी वाढ, ग्रॅम | ५७० | ४०० | ५४० |

मधला रकाना नीट पाहावा. शोषली जाणारी प्रथिने २८ ग्रॅमने वाढली आणि लायसिन तीन ग्रॅमने घटले. लायसिन अडले की बाकीची अमिनो आम्ले अंगावर चढू शकत नाहीत. यकृत त्यांचा युरिया करते आणि तो लघवीवाटे जातो. १८० पासून २७० किलोपर्यंत जायला ५७० ग्रॅमने १५८ दिवस लागतात, ४०० ग्रॅमने २२५. रेतन दोन महिन्यांहून अधिक लांबते आणि पहिले वेतही तेवढेच.

करपलेला माल

सगळा दोष मक्याच्या माथी मारता येत नाही. चांगला डीडीजीएस असता तर लायसिन २१ ग्रॅमच्या आसपास राहिले असते आणि वाढ सुमारे ५०० ग्रॅम मिळाली असती. बाकीचे शंभर ग्रॅम ड्रायरने खाल्ले.

मक्याच्या दाण्यातला साधारण दोन तृतीयांश भाग स्टार्च असतो. तो इथेनॉलमध्ये गेला की उरलेले सगळे तिप्पट घट्ट होते. ओला चोथा आणि त्यावर ओतलेला पाक ड्रायरमध्ये सुकवतात. तिथे तापमान किंवा वेळ वाढला की उरलेली साखर लायसिनच्या मोकळ्या अमिनो टोकाला चिकटते. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो तीच ही क्रिया. तिचा मारा बाकीच्या अमिनो आम्लांपेक्षा लायसिनवर जास्त होतो. नायट्रोजन मात्र जागेवरच असतो, म्हणून पोत्यावरचे २८ टक्के खरेच ठरतात.

या प्रकरणात डीडीजीएसमध्ये ०.५८ टक्के लायसिन धरले आहे, म्हणजे प्रथिनांच्या २.०७ टक्के. हे गुणोत्तर २.८ च्या वर असेल तर माल सहसा करपलेला नसतो. डुकरांच्या आहारशास्त्रात वापरला जाणारा हा ठोकताळा इथेही कामाला येतो. करपलेल्या मालाची आतड्यातली पचनीयता ८० ऐवजी ६५ टक्के धरली आहे. शिवाय तो कोठीपोटातही कमी मोडतो, त्यामुळे सूक्ष्मजीवांना अमोनिया अपुरा पडतो. तिथेही थोडे लायसिन गेले.

ओळखायचे कसे? रंग सोनेरी पिवळा असावा. गडद तपकिरी, कॉफीसारखा माल आणि करपलेल्या गुळाचा वास दिसला की थांबावे. रंगावर पूर्ण भरवसा नको, पाक जास्त ओतलेला मालही गडद दिसतो. पक्के उत्तर प्रयोगशाळेतून मिळते: पाच-सहा पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ घेऊन एकत्र केलेला अर्धा किलोचा नमुना द्यावा आणि क्रूड प्रोटीनबरोबर लायसिन मागावे. आम्ल तंतूंना चिकटलेला नायट्रोजन मोजण्याची जुनी चाचणी चाऱ्यासाठी ठीक, डीडीजीएसच्या पचनाचा अंदाज तिच्यावरून नीट लागत नाही. त्याच नमुन्यात अफ्लाटॉक्सिन तपासून घ्यावे, कारण मक्यातले हे बुरशीचे विषही तिप्पट घट्ट होऊन येते.

तांदळाचा डीडीजीएस हा वेगळा पदार्थ आहे. प्रथिने ४० टक्क्यांच्या पुढे असतात. मक्याच्या डीडीजीएसचे प्रमाण त्याला लावू नये. करपण्याचा धोका मात्र तोच.

चुकलेला पहिला उपाय

वाढ अडली की हात सहज त्याच पोत्याकडे जातो: एक किलोचे दीड किलो करा. अर्धा किलो जादा करपलेल्या डीडीजीएसमधून शोषले जाणारे लायसिन १.२ ग्रॅम मिळते. २० रुपये किलो भाव धरला तर खर्च १० रुपये. ३८ रुपये भावाने तेवढ्याच पैशात पाव किलो सोयाबीन पेंड येते. तिच्यातून बायपास लायसिन १.७ ग्रॅम, आणि कोठीपोटात मोडलेल्या प्रथिनांमुळे सूक्ष्मजीवांची तूट भरून आणखी अर्धा ग्रॅम. त्याच पैशात जवळजवळ दुप्पट.

जादा डीडीजीएसचे तोटे वेगळे मोजावे लागतात. त्यात तेल ८-१० टक्के, ते वाढले की तंतूंचे पचन मंदावते. कारखान्यात वापरलेल्या गंधकाम्लामुळे गंधक जास्त असू शकते. एकूण खुराकात ते ०.४ टक्क्यांच्या वर गेले की मेंदूच्या विकाराचा धोका असतो, आणि त्याआधीच तांबे शोषले जाणे कमी होते. फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, म्हणून एका किलोमागे २५-३० ग्रॅम चुनखडी पावडर खनिज मिश्रणाखेरीज द्यावी. या प्रकरणात ती दिलीच जात नव्हती, आणि हाडांच्या वाढीत तिचाही वाटा असतो.

दुरुस्ती

४०० ग्रॅम पेंड, ४०० ग्रॅम डीडीजीएस, ५०० ग्रॅम मका. मका परत वाढवला तो सूक्ष्मजीवांना स्टार्च हवा म्हणून; हा भाग बहुतेक जण विसरतात. बदल एका दिवसात करू नये, आठ ते दहा दिवस घ्यावेत.

खर्च पाहू. हिशेबापुरते भाव असे: मुरघास ५, कडबा ८, मका २३, पेंड ३८, डीडीजीएस २० रुपये किलो. जुना खुराक रोज ९४.६० रुपये, बदललेला ८४.९०, दुरुस्त ९२.७०. एक किलो वाढीला अनुक्रमे १६६, २१२ आणि १७२ रुपये. करपलेला डीडीजीएस अर्धाअर्धा करूनही पेंडीच्या खुराकाला गाठत नाही. तोच अर्धाअर्धा खुराक चांगल्या, सोनेरी मालावर केला तर वाढ ५६५ ग्रॅम आणि किलोमागे १६४ रुपये. संपूर्ण चांगल्या डीडीजीएसवर १७१. म्हणजे या भावांना डीडीजीएस परवडतो तो निम्म्यापर्यंत आणि तपासलेला असेल तरच. रोजचे १० रुपये वाचले असे जे दिसत होते, ते प्रत्येक किलो वाढीला ४६ रुपयांनी महाग पडत होते.

पेंड फार महाग असेल तर बायपास केलेली सोयाबीन पेंड घेता येते. ३०० ग्रॅममध्ये, ७० टक्के बायपास धरली तर, शोषले जाणारे लायसिन सुमारे ४.९ ग्रॅम मिळते. तिच्यासोबत ४०० ग्रॅम डीडीजीएस, ५५० ग्रॅम मका आणि १२ ग्रॅम युरिया असे धरले की एकूण लायसिन २४ ग्रॅमवर जाते. युरिया इथे हौसेचा नाही. बायपास वाढवला की कोठीपोट उपाशी राहते. तो पूर्ण विरघळवून किंवा भरड्यात नीट मिसळून द्यावा, आंबोणाच्या एक टक्क्याच्या आत ठेवावा आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात देऊ नये. बायपास पेंडही जास्त भाजलेली निघाली तर पुन्हा तेच, लायसिन करपलेले.

कोंबडीखाद्यातली लायसिनची पावडर टाकून पाहण्याचा मोह होतो. ती उघडी असते, कोठीपोटातले सूक्ष्मजीव तिचा बहुतांश भाग मोडून टाकतात. आवरण दिलेले लायसिन चालते, पण लेबलवर एकूण लायसिन न पाहता आतड्यात पोहोचणारे किती ते विचारावे, आणि ते आंबट, ओल्या मुरघासात तासन्‌तास मिसळून ठेवू नये. काही आवरणे तिथेच सुटतात. शेंगदाणा पेंड, तिळाची पेंड लायसिनला कमकुवत. सरकी पेंडीतले गॉसिपॉल, विशेषतः उष्णतेने, लायसिनला बांधते. रक्ताचा चुरा लायसिनने समृद्ध असतो आणि अमेरिकेतल्या प्रयोगांत तो वापरलेला दिसतो. इथे रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी तो मार्ग घेऊ नये. लसूणघास घरचा असेल तर तीन-चार किलो जरूर द्यावा, त्यातली प्रथिने सूक्ष्मजीवांच्या कामी येतात.

पेंड मोजकीच असेल तर

सगळ्या कालवडींना सारखी वाटू नये. १८० किलोला लायसिनच्या गरजेपैकी साधारण दोन तृतीयांश भाग सूक्ष्मजीव भागवतात. २८० किलोला तीच कालवड रोज सात किलो कोरडा चारा खाते, सूक्ष्मजीवांचे लायसिन २३ ग्रॅमवर जाते आणि गरज असते २८ ग्रॅम; म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त घरचेच. उरलेले मुरघास आणि एक किलो डीडीजीएस मिळून जवळपास भरून काढतात. १२० किलोच्या वासराचे उलट: पोट लहान, वाढ मात्र जवळजवळ निव्वळ मांस आणि हाडाची. म्हणून गोठ्यात दोन दावणी कराव्यात. २०० किलोखालच्यांना पेंड, २५० च्या वरच्यांना डीडीजीएस, आणि मधल्यांना अर्धेअर्धे.